‘घरीच होते’ : मुलाखतीच्या तयारीची वही

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आज सुरुवात केली. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, रविवारी सकाळी दहा ते एक, मधल्या वारी जमेल तसं. सामान : दोन टेबलं, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या (एकीचा पाय सुतळीने बांधलेला), एक पंखा जो फक्त पाचवर फिरतो आणि कागद उडवतो.

मी मुंबईत सत्तावीस वर्षं एका कंपनीत भरतीचं काम केलं. म्हणजे कायम टेबलापलीकडे. गावी येऊन चौथं वर्ष. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, पोरं फॉर्म भरतात, मुलाखतीला जाऊन येतात आणि मग त्याबद्दल बोलत नाहीत. तुम्ही काय विचारत होता तेवढं तरी त्यांना सांगा.

चौघं आली. वहीत नावं लिहिणार नाही. ही वही कपाटात राहणार आणि कपाटाला कुलूप नाही. तर : बँकवाला, फिटर, लॅबवाली आणि एक चौथा. चौथ्याला केंद्राची गट क ची जागा हवी होती. त्याला सांगितलं, बाबा, १ जानेवारी २०१६ पासून त्या पदांच्या मुलाखतीच बंद झाल्यात, तुझं जे काय व्हायचं ते लेखीवर होणार. इथे रविवार घालवू नको, गणितं सोडव. तो बराच खूश होऊन गेला.

उरलेल्या तिघांना एकच प्रश्न टाकला : स्वतःबद्दल सांगा. बँकवाल्याने इंग्रजीत पाठ केलेलं दीड मिनिटं म्हटलं, मधे श्वास घेतला की नाही आठवत नाही. फिटर पंख्याकडे बघत म्हणाला, “सांगूक काय आसा?” लॅबवालीने नाव, गाव, बी.एस्सी. रसायनशास्त्र, २०२२ इथपर्यंत नीट सांगितलं. मग म्हणाली, “त्याच्यानंतर घरीच होते,” आणि ओढणीला तळहात पुसून गप्प झाली.

माझी जुनी सवय इथे लिहून ठेवतो. ‘घरीच होतो’ किंवा ‘घरीच होते’ ऐकलं की मी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक रेघ मारायचो. पुढचे प्रश्न मग चहा येईपर्यंतचे. अशा किती रेघा मारल्या त्याचा हिशेब नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फक्त बँकवाला आला. त्याची मुलाखत २१ ला मुंबईत. अधिकारी पदासाठी शंभर गुणांची मुलाखत, अंतिम यादीत लेखीचं वजन ८० आणि मुलाखतीचं २०, खुल्या गटाला मुलाखतीत किमान ४० टक्के लागतात. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चोख पाठ. रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना कर्ज देते तो व्याजदर) विचारला. म्हणाला, साडेसहा. गाइड उघडून दाखवलं, त्यातही साडेसहा. पण रिझर्व्ह बँकेने परवाच, ७ फेब्रुवारीला, तो सव्वासहा केलाय. जवळपास पाच वर्षांनी पहिली कपात. वाचनालयात खाली पेपर पडलेला होता, तो वर आणून त्याच्यापुढे ठेवला. बराच वेळ त्याने गाइड मिटलंच नाही.

त्याच्या घरी किसान क्रेडिट कार्डावर आंब्याचं कर्ज आहे. यंदाच्या अर्थसंकल्पात सवलतीच्या व्याजाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेल्याचं जाहीर झालंय. विचारलं, तुमच्या घरी याचा काय फरक पडेल? म्हणाला, “ते बाबांना माहीत.” म्हटलं, मग आज रात्री जेवताना बाबांना विचार : किती उचललं, कधी फेडलं, मोहोर गळला त्या वर्षी काय केलं. बँकेतले लोक हेच विचारणार. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ हे सगळ्यांचंच पाठ असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

लॅबवालीसाठी रत्नागिरीच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्याची जाहिरात आहे. प्रयोगशाळा सहायक, हंगामापुरती, काम बघून पुढे. अर्ज गेलाय.

पहिला तास वाया गेला, आणि तो माझ्यामुळे. मी तिला कोरा कागद देऊन ‘तुझ्या जमेच्या बाजू लिही’ म्हटलं. तिने लिहिलं : मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी. असे कागद मी गठ्ठ्याने वाचलेत. दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर नजरसुद्धा जात नाही.

मग विचारलं, मागच्या हंगामात तुमच्याकडे आंब्याचं काम कोण बघत होतं? “बाबा.” झाडावर कोण होतं? “गडी आणि बाबा.” आंबा खाली आल्यावर? इथे ती जरा थांबली. “खाली आल्यावर मीच. आईचं ऑपरेशन झालं होतं ना.”

पुढचा पाऊण तास मी फक्त विचारत गेलो. अढी ती घालते. वजनावर प्रतवारी ती करते; चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्या वेगळ्या. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांशी फोन तिचे. साका निघाला तर शिव्याही तिनेच खायच्या, कारण हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट भेंड निघतं. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. मग तिने वही घातली. म्हटलं, कसली वही? म्हणाली, “अशीच. शंभर पानी.”

दुपारी ती घेऊन आली. मुखपृष्ठावर शाळेचं वेळापत्रक छापलेलं. आत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, कुठल्या बाजूची कलमं, सकाळची तोड की दुपारची, पेटी क्रमांक, गिऱ्हाईक, तक्रार. दोन हंगाम. तक्रारीच्या रकान्यात लाल पेनाने ‘सा’. पानं उलटत गेलो तर दुपारच्या तोडीपुढे ‘सा’ जास्त दिसायला लागले, त्यातही कातळाकडच्या कलमांपुढे. तिला विचारलं. म्हणाली, “गडी आंबा काढून तिथेच कातळावर ठेवायचे, गाडी येईपर्यंत. कातळ तापलेला असतो. नंतर मी सावलीत गोणपाटावर ठेवायला लावला. मग कमी झाले असं वाटतं, पण मोजले नाहीत.”

मुलगी अडीच वर्षं घरी बसून हे करत होती आणि सांगताना ‘घरीच होते’ म्हणत होती. साक्याचं कारण सगळं इथेच संपत नाही, बाठ्यात चालणाऱ्या घडामोडींपर्यंत शास्त्रज्ञ गेलेत, ते मी तिला सांगितलं. पण कारखान्यात बॅच नंबर लावून माल मागे शोधत जातात, तेच काम ही शंभर पानी वहीत करत होती. तिला गृहपाठ : ‘सा’ मोजून आण. सकाळ वेगळी, दुपार वेगळी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

भाचा बागायतदार आहे, त्याच्याकडून हातातला रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायचं यंत्र, आणला. लॅबवालीने हा पुस्तकात पाहिलेला, हातात कधी घेतलेला नाही. पिकलेला आंबा अजून कुठे आहे? म्हणून साखरेचं पाणी. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर. वीस ब्रिक्सचं द्रावण करून दाखव म्हटलं.

ऊर्ध्वपातित पाणी गॅरेजमधून आलं, बॅटरीत घालतात ते. आधी त्याचाच थेंब काचेवर टाकून रेषा शून्यावर आहे का बघितलं, अर्धा घर खाली होती, तिने स्क्रू फिरवून वर आणली. इतकं कोणी न सांगता केलं. मग वाचनालयाच्या चहाच्या साखरेतली वीस ग्रॅम तोलली, शंभर ग्रॅम पाण्यात ढवळली, थेंब टाकला, झाकण मिटलं, खिडकीकडे धरून डोळा लावला. निळ्या-पांढऱ्याची सीमा साडेसोळाच्या जरा वर. परत धुतलं, पुसलं, परत थेंब. तेच. “काकानू, ह्या बिघडलेला आसा.” ती गडबडली की मालवणीत येते.

मी काही बोललो नाही. भाच्याचं यंत्र बिघडवलं असं वाटून मलाही घाम फुटला होता, ते वेगळं. तिने पुन्हा शुद्ध पाणी टाकलं, शून्य बरोबर. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून कागदाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “अगो बाई, एकशे वीस झाले की!” वीस साखर आणि शंभर पाणी म्हणजे द्रावण एकशे वीस ग्रॅम. वीस भागिले एकशे वीस, सोळा पूर्णांक सात. यंत्र बरोबर, आपण चुकलो. ऐंशी ग्रॅम पाण्यात केलं तेव्हा रेषा वीसवर येऊन बसली.

तिला तिथल्या तिथे तारखेसकट लिहून ठेवायला लावलं : काय अपेक्षित होतं, काय आलं, आधी कशावर संशय घेतला, तो कसा तपासला, चूक कुठे निघाली. ‘तुमची एखादी चूक सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. मोबाइलवरच्या व्हिडिओतून तिने त्याचं उत्तर पाठ केलं होतं, ‘मी कामात फारच काटेकोर आहे, हाच माझा दोष’. टेबलापलीकडच्या माणसाला हे उत्तर रोज जेवणाआधी दोनदा आणि जेवणानंतर तीनदा ऐकावं लागतं. त्यापेक्षा साखरेचं पाणी सांग म्हटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

बँकवाला मुंबईहून आला. रेपो दर विचारला नाही. आंब्याच्या कर्जावर दहा मिनिटं बोलले. निकाल यायला वेळ आहे.

आजचा दिवस फिटरचा. आयटीआय झालेला, कुडाळ एमआयडीसीतल्या एका कारखान्याची मुलाखत ४ मार्चला. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१, ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश, हे विचारलं की उत्तर येतं. ‘अनुभव?’ म्हटलं की “नाय.” बापाची बोट आहे, ट्रॉलर. जून-जुलैची बंदी, ६१ दिवस, तेवढ्यात बोट वर ओढून सगळी दुरुस्ती उरकायची असते. ती हा आणि त्याचा मामा करतात. हा अनुभव का नाही? “तो घरचो काम.”

टेबलावर बोटीच्या पंख्याचा दांडा कल्पून त्याला त्या शाफ्टचं पॅकिंग, म्हणजे पाणी अडवायला भोवती गुंडाळलेली दोरी, कसं बदलतोस ते करून दाखव म्हटलं. इथे पोरगा बदलला. जुनं पॅकिंग हुकाने ओढून काढायचं, शाफ्टला चर पडलाय का बोटाने बघायचं, नवी दोरी तिरकी कापायची, एकेक वेढा घालताना जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, मग ग्लँडचे नट दोन्हीकडून सारखे आवळायचे. “आणि मग पाणी गळायचं थांबलं की झालं,” मी मुद्दाम म्हटलं. तो चक्क हसला. “थांबला तर गेलाच! थेंब थेंब गळूकच होया. त्याच पाण्याने ता थंड रवता. कोरडा आवळलास तर शाफ्ट जळतलो.”

हे सांगताना त्याचे हात टेबलावर चालत होते. म्हटलं, हेच तिथे सांग. म्हणाला, “काम येता ओ, सांगूक येणा नाय.”

त्याच्यासाठी साधी चार पायऱ्यांची युक्ती काढली : बोटीचं काय बिघडलं होतं, तुझ्या वाट्याला काय आलं, तू हाताने काय केलंस, मग बोट गेली का. तीन वेळा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा जरा पाठ केल्यासारखं यायला लागलं, तिथेच थांबवलं.

२५ ते २७ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कुणकेश्वरची जत्रा. वर्ग बंद. फिटर जत्रेत खाजं खाताना भेटला, ओळख न दाखवता निघून गेला. सोबत मित्र होते.

रविवार, २ मार्च

लुटुपुटीची मुलाखत. टेबलापलीकडे मी, चिटणीस आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाई. बाईंना मुद्दाम कडक राहायला सांगितलं होतं. सांगायची गरज नव्हती.

लॅबवाली दारात आली, “आत येऊ का?” विचारलं, बसली ती नेमकी सुतळीच्या खुर्चीवर. खुर्ची कलली, ती सावरली, हसली नाही, उठून शेजारची ओढून घेतली. चांगलं वाटलं. वही आणली होती. ‘सा’ मोजून आणले होते. दोन्ही हंगामांचा तक्ता केलाय, सावलीत ठेवायला लागल्यानंतरचा वेगळा. फरक स्पष्ट आहे. तिचं तिलाच नवल वाटलं असावं.

पण बाईंनी विचारलं, “२०२२ नंतर काय केलंत?” आणि तिच्या तोंडून परत तेच : “घरीच होते.” मग तीन-चार सेकंद नुसता पंखा. मग वहीचं सांगायला लागली, पण तोवर बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या.

नंतर तिघांनी विचार केला. चिटणीस म्हणाले, ते वाक्यच काढून टाक. मी म्हटलं, काढू नको, खरं आहे ते. ऑपरेशनही खरं आहे. फक्त वाक्य तिथे संपवू नको. ‘घरी होते, आईचं ऑपरेशन झालं होतं, आणि आमच्या आंब्याचं तोडणीनंतरचं सगळं काम माझ्याकडे होतं.’ एका श्वासात. बाईंनी तिच्याकडून ते दहा वेळा म्हणून घेतलं, पाढ्यासारखं. मला पाठांतराचा राग आहे, पण एवढ्या एका वाक्यापुरतं मी गप्प बसलो.

भाषेचीही भीती आहे. इंग्रजीत विचारलं तर? तांत्रिक शब्द इंग्रजीतच आहेत आणि ते तिला येतात. वाक्य अडलं तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारायचं. मीही पलीकडे असताना कोणी असं विचारलं तर नाही म्हटलेलं आठवत नाही. न विचारता गप्प बसणारेच जास्त.

गुरुवार, ६ मार्च

कागदपत्रं. कंटाळवाणं काम, पण गाडी इथेच अडते. फिटरच्या आयटीआय प्रमाणपत्रावर आणि आधारवर वडिलांचं नाव एका अक्षराने वेगळं. (त्याची कुडाळची मुलाखत झाली, तिथे कागद बघितले नाहीत, पण बघतील.) तहसीलला प्रतिज्ञापत्र करायला पाठवला. लॅबवालीकडे पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र आहे, पदवीदानाचं आणलेलंच नाही. गुणपत्रिका सहाही सत्रांच्या आहेत. फाइल लावली : अर्जाची प्रत सर्वांत वर, मग त्या अर्जात ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने मूळ आणि झेरॉक्स. समोरच्याने मागितलं की दुसऱ्या सेकंदाला हातात यायला हवं.

रविवार, ९ मार्च

फिटरला कुडाळहून नकार आला. खट्टू आहे. काय विचारलं? “ड्रॉइंग वाचूक दिल्यानी. माका येवला नाय.” ही माझी चूक. बोटीच्या गोष्टीत रमलो आणि ड्रॉइंग एकदाही पुढे ठेवलं नाही. आज आयटीआयच्या जुन्या वहीतून तीन आकृत्या काढून बसलो. तुटक रेषा म्हणजे आत लपलेली कड, इथून सुरुवात. त्याच्या मामाच्या ओळखीने मालवणात बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचं कळलंय, तिथेही बोलणं लावलंय.

लॅबवालीच्या कॉलेजच्या सरांनी शुक्रवारी प्रयोगशाळेत दोन तास दिले होते. पहिल्या तोडीतला एक पिकलेला आंबा घेऊन गेली होती, विकायच्या पेटीतला नव्हे, आपल्याच कलमाचा, पक्ष्याने टोचलेला. टायट्रेशन करून गराची आम्लता काढली : ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं, कुठे थांबायचं ते रंगाने दाखवायला फिनॉल्फ्थॅलिन. पुस्तकात लिहिलंय, फिकट गुलाबी रंग येईपर्यंत. पण हापूसचा गर मुळात केशरी, त्यात फिकट गुलाबी दिसणार कुठून? पहिल्या वेळी बराच पुढे गेली. मग सरांनी गर भरपूर पाण्यात विरळ करायला सांगितला, शेवटी पीएच मीटर बुडवून ८.१ ला थांबायला शिकवलं. हे सगळं सांगताना ती खुर्चीच्या टोकाला आली होती.

पगार. ‘अपेक्षा काय?’ याला तिचं उत्तर, “तुम्ही द्याल तो.” म्हटलं, रत्नागिरीत राहणार कुठे? मावशीकडे महिनाभर, मग तिघींत खोली. भाडं, मेस, एसटी, घरी पाठवायचे, असा हिशेब तिच्याकडून पेन्सिलीने करून घेतला. आकडा आला पंधरा हजार. आता हा आकडा तिचा आहे, कोणी ‘का?’ विचारलं तर खाली हिशेब आहे. तिने विचारायचे दोन प्रश्नही ठरवले : हंगामात रात्रपाळी असेल तर मुलींना सोडायची सोय काय, आणि हंगाम संपल्यावर पुढे ठेवायचं की नाही हे कशावर ठरतं.

तिची आई घ्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, “आता खंय ता चेडू हिशेब शिकला, तर तुम्ही धाडतास रत्नागिरीक.” रागाने नाही. तरी मला उत्तर सुचलं नाही.

१३ ते १८ मार्च

शिमगा. पालखी, रोंबाट. कोणी येणार नाही हे गृहीत. मीही गेलो नाही वाचनालयात.

बुधवार, १९ मार्च

पत्र आलं. मंगळवार २५, सकाळी दहा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. सकाळी इथून निघून दहाला तिथे पोहोचायचं म्हणजे एसटी आणि देव दोघांवर भरवसा ठेवायचा. आदल्या दिवशी मावशीकडे मुक्काम. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापर्यंत एकदा रिक्षाने जाऊन यायचं, म्हणजे सकाळी शोधत बसायला नको.

बाईंचा सल्ला : देवगड हापूस श्रेष्ठ की रत्नागिरी, यावर तिथे तोंड उघडू नको. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर सगळ्यांना मिळून, एवढं म्हणून थांब.

शनिवार, २२ मार्च

शेवटची बैठक. आज फक्त ‘माहीत नाही’चा सराव. बाईंनी मुद्दाम तिला न येणारे प्रश्न काढले होते. ‘माहीत नाही’ म्हणून मान खाली घालायची नाही. मला कुठपर्यंत माहीत आहे ते सांगायचं, आणि पुढचं कुठे बघेन ते. डबाबंद गराचा पीएच ४.६ च्या खाली का लागतो? हे तिला आलं : त्याखाली बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू वाढत नाही, म्हणून डबे उकळत्या पाण्याइतक्या तापमानावर तापवून भागतं. डब्याच्या शिवणीची तपासणी कशी करतात? नाही आलं. नीट नाही म्हणाली.

मंगळवार, २५ मार्च

दुपारी दीडला फोन. “झालां काकानू. चांगला झाला की नाय माका म्हायत नाय.” मागे मावशी जेवायला बोलावत होती. बाकीचं उद्या.

बुधवार, २६ मार्च

जसं सांगितलं तसं लिहितो.

दोघं होते, लॅबचे प्रमुख आणि ऑफिसातल्या बाई. बाईंनी ‘२०२२ नंतर?’ विचारलं. हिने ते वाक्य म्हटलं, पूर्ण. प्रमुख फाइल बघत होते, त्यांनी मान वर केली आणि विचारलं, तोडणीनंतरचं म्हणजे काय काय? हिने वही काढून दिली. ते पानं उलटत राहिले. किती वेळ? “लई येळ. मी भिंतीवरचा घड्याळ बघी होतंय.” मग त्यांनी एका पानावर बोट ठेवून विचारलं, या दिवशी दुपारची तोड आहे, कातळाकडचीच कलमं आहेत, तरी ‘सा’ एकही नाही, का? हिला कारण माहीत नव्हतं. म्हणाली, त्या दिवशी मळभ होतं की काय ते मी लिहिलं नाही; लिहायला हवं होतं.

साखरेच्या पाण्याचं विचारलंच नाही. टायट्रेशनचंही नाही. आम्ही दोघांनी त्यावर घालवलेले दिवस गेले ते गेले.

पुढे म्हणाले, समजा गोदामात एक डबा फुगलेला दिसला, काय कराल? हिने सांगितलं : चाखणार नाही, फोडणार नाही, बाजूला ठेवेन, कोड लिहीन, त्याच कोडचे बाकीचे डबे बघेन, तुम्हाला कळवेन. का फुगला असेल? जंतूंमुळे गॅस. आणखी? “दुसरं कारण मला माहीत नाही.” थोडं थांबून तिने स्वतःच पुढे म्हटलं, आतला गर आम्ल आहे आणि डबा धातूचा, लाखेचा थर खरवडला असेल तर हायड्रोजन सुटेल का? प्रमुखांनी पेन खाली ठेवलं म्हणे. तसंच होतं, त्याला हायड्रोजनचा फुगा म्हणतात, असं त्यांनीच समजावलं.

पगाराचा आकडा सांगितला, बाईंनी लिहून घेतला, चेहऱ्यावर काही नाही. रात्रपाळीचं विचारल्यावर मात्र बाई सविस्तर बोलल्या; गाडी आहे, फाटकापासून घरापर्यंत.

निघताना वही परत मागायची विसरली. फाटकाजवळून परत गेली. मुलाखतीनंतर परत आत जाऊ नये असं मी कधी शिकवलं नव्हतं, हे बरं.

शनिवार, ५ एप्रिल

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता, आज पत्र. १५ एप्रिलपासून रुजू, हंगामापुरतं, जुलैत फेरविचार. पगार तिच्या आकड्यापेक्षा दीड हजाराने कमी, दुपारचं जेवण कारखान्यात. तिने परत हिशेब मांडला, मेसचे एक वेळचे वजा केले, म्हणाली जमेल. पदवीदानाचं प्रमाणपत्र रुजू होताना लागणार, त्यासाठी सोमवारी कॉलेजात जाईल.

यंदाच्या तोडीची वही कोण लिहिणार, हा घरात प्रश्न आहे. धाकटा भाऊ दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. त्याला रकाने आखून दिलेत आणि एक वाढवलाय : आभाळ.

फिटर मालवणच्या वर्कशॉपात लागला, तिथे मुलाखत अशी झालीच नाही. मालकाने इंजिन दाखवलं आणि ‘बघ’ म्हणाला. ड्रॉइंगचा सराव तरी चालू ठेव म्हटलंय, ऐकेल असं नाही. बँकवाल्याचा निकाल अजून नाही.

खर्च : झेरॉक्स ८६ रुपये, बॅटरीचं पाणी ३०, साखर एक किलो (उरलेली चहाला), फाइली दोन, सुतळी घरची. रिफ्रॅक्टोमीटर भाच्याला परत केला, त्याची काच साखरेने चिकट झालीय म्हणून बोलणी खाल्ली. खुर्ची बदलायची आहे.